रेगे गायकाचं घर कशावर चालतं? टूट्स हिबर्टच्या निमित्ताने

१९७२ साली जमैकात 'द हार्डर दे कम' नावाचा चित्रपट आला. गायक व्हायचं म्हणून खेड्यातून किंग्स्टनला आलेला एक तरुण एका बड्या रेकॉर्ड निर्मात्याचे उंबरे झिजवतो. अखेर त्याला माइकपुढे उभं राहायला मिळतं, गाणं झकास होतं, आणि निर्माता त्याच्यापुढे वीस डॉलर आणि एक कागद सरकवतो. सही कर, पैसे घे, विषय संपला. पोरगा चिडतो आणि गाणं स्वतःच खपवायला निघतो. पण रेडिओवाल्यांपासून नाचाच्या अड्ड्यांपर्यंत सगळीकडे त्या निर्मात्याचाच शब्द चालतो, त्यामुळे याला कुणी दारात उभं करत नाही. शेवटी तो मुकाट परत येतो आणि त्याच वीस डॉलरवर सही करतो.

याच चित्रपटात स्टुडिओतला आणखी एक प्रसंग आहे. तिघे जण जीव ओतून गातायत आणि नायक भान हरपून बघतोय. हे तिघे नट नव्हते. ते 'मेटाल्स' या नावाने गाणारे खरेखुरे गायक होते, आणि त्यातला पहाडी आवाजाचा गडी म्हणजे फ्रेडरिक 'टूट्स' हिबर्ट.

चित्रपटातल्या पोराचा शेवट वाईट झाला. टूट्स मात्र त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षं गात राहिला, आणि त्याआधीची दहा वर्षं धरली तर जवळपास साठ. जिथे गाणं वीस डॉलरला जातं, तिथे माणूस साठ वर्षं गायक म्हणून तगतो कसा? हा प्रश्न नीट समजून घेतला, तर रेगे नावाच्या या जमैकन संगीताचं सगळं जग कसं चालतं ते कळतं.

रेगे म्हटलं की आपल्याकडे बॉब मार्लीचं नाव निघतं. पण मार्लीच्या वाटचालीवरून रेगे गायकाची कारकीर्द समजून घ्यायला जाणं फसवं आहे. त्याला लंडनच्या बड्या कंपनीचा भक्कम पाठिंबा मिळाला, जगभर कीर्ती मिळाली आणि १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो गेला. शेकडो जमैकन गायकांपैकी असं एकाच्या वाट्याला आलं. टूट्सच्या आयुष्यात मात्र या धंद्याचे सगळे टप्पे भेटतात: चाचणी, फुटकळ पैसे, तुरुंग, नाव, विस्मरण, परदेशचे दौरे, पुरस्कार. आणि उघडच सांगतो, गळ्याचा विचार केला तर मला टूट्स मार्लीपेक्षा काकणभर सरस वाटतो.

आधी नाच, मग रेकॉर्ड

पहिली गोष्ट लक्षात घ्यायची ती साउंड सिस्टीम. १९५० च्या दशकातल्या किंग्स्टनमध्ये गरिबाच्या घरी रेडिओ असेलच असं नव्हतं, आणि वाद्यवृंद बोलावून नाचगाणं करणं परवडायचं नाही. मग काही हुशार दुकानदारांनी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, ताकदवान अ‍ॅम्प्लिफायर आणि माणसाच्या उंचीचे लाकडी स्पीकर गोळा केले. मोकळ्या आवारात किंवा अंगणात हे सगळं लावायचं, दारावर तिकीट घ्यायचं, आत दारू विकायची आणि रात्रभर लोकांना नाचवायचं. लोक नाचायला कुठे जातील हे कुणाकडे चांगली रेकॉर्ड आहे यावर ठरायचं. त्यामुळे अमेरिकेतून दुर्मिळ रेकॉर्डी आणायच्या आणि प्रतिस्पर्ध्याला गाण्याचं नाव कळू नये म्हणून त्यांवरचं लेबल खरवडून काढायचं, इथपर्यंत चुरस गेली.

पन्नासचं दशक सरता सरता अमेरिकेची आवड रॉक अँड रोलकडे वळली. किंग्स्टनला आवडायचं त्या जातीचं रिदम अँड ब्लूज तिकडून येणं कमी झालं. मग क्लेमंट 'कॉक्सन' डॉड आणि ड्यूक रीड यांच्यासारख्या साउंड सिस्टीमवाल्यांनी स्थानिक पोरांना स्टुडिओत नेऊन गाणी करून घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीला या रेकॉर्डी विकायच्याही नव्हत्या. शनिवारच्या नाचात आपल्याकडे असं काहीतरी हवं जे समोरच्याकडे नाही, एवढाच हेतू होता. लोकांनी मागायला सुरुवात केली तेव्हा त्या विक्रीला निघाल्या.

रेगे गायकाच्या पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ इथे आहे. स्टुडिओचं भाडं, वादकांचे पैसे, रेकॉर्ड छापण्याचा खर्च हे सगळं साउंड सिस्टीमवाल्याने केलेलं असायचं. गायकाला एका गाण्याचे ठरावीक पैसे हातावर मिळायचे आणि त्याचं काम तिथे संपायचं. गाणं कुणाचं, असं विचारलं असतं तर त्या काळी बहुतेकांनी निर्मात्याकडे बोट दाखवलं असतं. कित्येक रेकॉर्डींवर तर गीतकार म्हणूनही निर्मात्याचंच नाव छापलेलं असे. त्या एका ओळीची किंमत केवढी असते ते पुढे येईलच.

टूट्सचा जन्म ८ डिसेंबर १९४२ चा, क्लॅरंडन परगण्यातल्या मे पेन गावचा. घर सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचं, त्यामुळे गाणं प्रार्थनेतून आलं. लहानपणीच आईवडील गेले आणि हा पोर भावाकडे किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीत आला. तिथे न्हाव्याच्या दुकानात काम करताना गात असायचा. याच वस्तीत त्याला हेन्‍री 'रॅले' गॉर्डन आणि नॅथनियल 'जेरी' मथायस भेटले आणि तिघांचा मेळ जमला. टूट्सने सूर लावायचा, ओळ फेकायची आणि बाकी दोघांनी ती उचलून धरायची, ही पद्धत सरळ चर्चमधली.

कॉक्सनने १९६३ मध्ये ब्रेंटफोर्ड रोडवर 'स्टुडिओ वन' उघडला. तिथे रविवारी नव्या गायकांच्या चाचण्या व्हायच्या आणि फाटकाबाहेर पोरांची रीघ लागायची. मेटाल्सनी तिथे गायलेली पहिली गाणी ऐकली की प्रार्थनासभेत बसल्यासारखं वाटतं, फक्त मागे ठेका नाचाचा असतो. मग ही मंडळी कॉक्सनला सोडून प्रिन्स बस्टर या दुसऱ्या निर्मात्याकडे गेली आणि तिथून बायरन ली या तिसऱ्याकडे. हा चंचलपणा नव्हता. लांब मुदतीचा करार नाही, रॉयल्टीची, म्हणजे विक्रीतल्या वाट्याची, खात्री नाही, तेव्हा जो गाण्याचे बरे पैसे देईल त्याच्याकडे जायचं, हीच त्या काळची रीत होती. म्हणून साठच्या दशकातल्या कुठल्याही जमैकन गायकाची गाणी शोधायला गेलात तर ती पाच-सहा निर्मात्यांच्या लेबलांवर विखुरलेली सापडतात. मेटाल्सची काही गाणी तर इंग्लंडमध्ये 'व्हायकिंग्ज' आणि 'फ्लेम्स' अशा भलत्याच नावांनी निघाली. स्वतःच्या नावावरही ताबा नाही, अशी ती अवस्था होती.

स्पर्धा, तुरुंग आणि मंदावलेला ठेका

जमैका ६ ऑगस्ट १९६२ ला स्वतंत्र झाला. स्वातंत्र्यदिनाच्या उत्सवासाठी १९६६ पासून राष्ट्रीय गीतस्पर्धा सुरू झाली. या उत्सवामागे एडवर्ड सिआगा हे मंत्री होते. ते पुढे देशाचे पंतप्रधान झाले, आणि राजकारणात येण्याआधी त्यांनी स्वतः रेकॉर्ड कंपनी चालवली होती. इतक्या लहान देशात राजकारण आणि गाणं एकाच गल्लीत राहतात. पहिल्याच वर्षी मेटाल्सनी 'बॅम बॅम' गाऊन स्पर्धा जिंकली, पुढे १९६९ आणि १९७२ मध्येही जिंकली. गायकाच्या दृष्टीने या स्पर्धेचं मोल मोठं होतं, कारण इथे साउंड सिस्टीमवाल्याच्या मर्जीबाहेरचा, अख्ख्या देशाचा श्रोता मिळत होता.

पण पहिल्या विजयाचं चीज व्हायच्या आत टूट्स गांजा बाळगल्याच्या आरोपाखाली तुरुंगात गेला. आपल्याला यात गोवलं गेलं, असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला. सुटून आल्यावर त्याने तुरुंगातल्या कैदी क्रमांकावर गाणं केलं, '५४-४६ वॉज माय नंबर'. मला वाटतं, रेगेत यापेक्षा जास्त अंगावर येणारी गाणी फार थोडी आहेत. तक्रारीचा सूर त्यात नाही. सुटलेल्या माणसाच्या अंगातली रग आहे.

तो आत असताना बाहेरचं संगीत बदललं होतं, आणि हा बदल समजून घेणं गरजेचं आहे. एक-दोन-तीन-चार असे समान ठोके मोजा. साठच्या सुरुवातीला चालणारा 'स्का' हा वेगवान प्रकार, त्यात गिटार आणि पियानो ठोक्यांच्या मधल्या जागांवर टणाटण वाजायचे आणि पाठीमागे पितळी वाद्यांचा ताफा असायचा. १९६६ च्या सुमाराला वेग एकदम उतरला आणि 'रॉकस्टेडी' आलं. पितळी वाद्यं मागे सरली आणि बेस गिटार पुढे येऊन जवळजवळ स्वतःची धूनच गायला लागलं. १९६८ पर्यंत यातून रेगे घडलं. त्यात ऑर्गनची खुदखुद वाढली, गिटारचा फटकारा आखूड आणि कोरडा झाला. पुढे ड्रमवाल्यांनी 'वन ड्रॉप' नावाची पद्धत रूढ केली. तिच्यात पहिला ठोका मोकळा सोडतात आणि जोर तिसऱ्या ठोक्यावर देतात. आपला कान पहिल्या ठोक्यावर वजन शोधतो आणि तिथे काहीच नसतं, म्हणून रेगे ऐकताना अंग आपोआप किंचित मागे झुलतं.

गायकासाठी हा बदल मोठा होता. वेग कमी झाला की दोन ओळींच्या मध्ये जागा मिळते. तिथे हुंकार भरता येतो, शब्द ओढता येतो, एखादी ओळ उशिरा उचलता येते. टूट्सचा गळा अमेरिकन सोल गायक ओटिस रेडिंगच्या जातीचा, म्हणजे खरखरीत, भरदार आणि पाहिजे तेव्हा एकदम हळवा होणारा. त्याला अशी मोकळी जागा हवीच होती.

या काळातला त्याचा निर्माता लेस्ली काँग हा चिनी वंशाचा जमैकन. किंग्स्टनच्या ऑरेंज स्ट्रीटवर त्याचं 'बेव्हर्लीज' नावाचं दुकान होतं. जिमी क्लिफ आणि बॉब मार्ली या दोघांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी त्यानेच काढल्या होत्या. मेटाल्सची '५४-४६', 'प्रेशर ड्रॉप', 'मंकी मॅन', 'स्वीट अँड डँडी' ही गाणी त्याच्याकडची. १९६८ चं 'डू द रेगे' हेसुद्धा. रेगे हा शब्द ज्यात आला असं ते पहिलं गाणं मानतात. माझ्या मते टूट्सच्या कारकिर्दीतली ही तीन वर्षं सर्वांत समृद्ध आहेत. १९७१ च्या ऑगस्टमध्ये लेस्ली काँग ऐन तारुण्यात हृदयविकाराने गेला आणि हा अध्याय एकाएकी मिटला. ज्या धंद्यात सगळं एका माणसाच्या खिशावर आणि कानावर चालतं, तिथे तो माणूस गेला की गायक पुन्हा रस्त्यावर येतो.

एक ठेका, पन्नास गाणी

आता या जगातला सगळ्यात अनोळखी भाग: रिडिम. आपल्याकडे एखाद्या गाजलेल्या गाण्याच्या चालीवर नवे शब्द बसवून भजन किंवा प्रचारगीत करतात. त्यात चाल तीच राहते आणि शब्द बदलतात. जमैकात उलटं होतं. शब्द आणि चाल दोन्ही नवी, कायम राहतो तो मागचा ठेका आणि बेसची धून. या पाठीमागच्या साच्याला रिडिम म्हणतात. वादकांना एकदाच पैसे द्यायचे, रिडिम टेपवर घ्यायचा, आणि मग वर्षानुवर्षं त्यावर वेगवेगळे गायक उभे करायचे. निर्मात्याच्या दृष्टीने हा व्यवहार फायद्याचा. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गायकाचा आवाज काढून नुसता रिडिम छापायची पद्धतही साठच्या अखेरीला सुरू झाली. त्या बाजूवर नाचाच्या ठिकाणी माइक हातात घेऊन लयीत बोलणारे 'डीजे' पुढे आले, आणि यू-रॉयसारखे डीजे १९७० मध्ये थेट लोकप्रियतेच्या यादीत जाऊन बसले.

गायकावर याचे दोन परिणाम झाले. एक, त्याचं गाणं एका रात्रीत सगळ्यांचं व्हायचं. दोन, त्याच्या वाट्याला त्यातलं काही यायचं नाही. 'बॅम बॅम'चंच बघा. टूट्सने १९६६ मध्ये गायलेला तो पुकारा सिस्टर नॅन्सी या तरुण गायिकेने १९८२ मध्ये उचलला आणि 'स्टॅलॅग' नावाच्या जुन्या रिडिमवर आपले शब्द टाकून नवं 'बॅम बॅम' केलं. ते तर मूळ गाण्यापेक्षाही लांब पोचलं. २०१६ मध्ये कान्ये वेस्टने आणि २०१७ मध्ये जे-झीने, या दोन बड्या अमेरिकन रॅपरनी, त्यातला भाग आपल्या गाण्यात वापरला. सिस्टर नॅन्सी स्वतः मात्र अमेरिकेत जाऊन बँकेत नोकरी करत होती. आपलं गाणं एका जाहिरातीत वाजताना ऐकल्यावर तिने कायद्याची वाट धरली, तेव्हा कुठे तीसेक वर्षांनी तिला हक्काचा हिस्सा मिळाला.

याला केवळ माणसांचा लोभ कारण नव्हता. जमैकाचा स्वतःचा आधुनिक कॉपीराइट कायदा झाला तो १९९३ मध्ये. तोपर्यंत तिथे १९११ चा ब्रिटिश कायदा कागदावर होता आणि बहुतेक पोरांना त्याची गंधवार्ताही नव्हती. या संगीताचा सगळा सुवर्णकाळ त्या पोकळीत घडला. ठेका सगळ्यांचा असल्यामुळेच इतकी नवी गाणी इतक्या झपाट्याने झाली, हे खरं आहे. पण त्याची किंमत गायकाने आणि वादकाने मोजली, हे मला डोळ्यांआड करवत नाही.

इथे एक गोष्ट सावकाश समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एका रेकॉर्डमध्ये दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. पहिली म्हणजे रचना, शब्द आणि चाल मिळून. ती गीतकार-संगीतकाराची. दुसरी म्हणजे त्या दिवशी स्टुडिओत टेपवर उतरलेलं ध्वनिमुद्रण. ते ज्याने खर्च केला त्याचं, म्हणजे बहुधा निर्मात्याचं. उद्या दुसऱ्या कुणी तेच गाणं स्वतःच्या आवाजात नव्याने गायलं, तर पैसे द्यायचे ते रचनेच्या मालकाला. टेपच्या मालकाचा त्यात संबंध नाही. टेपमधला तुकडाच कापून वापरला, तर दोघांनाही द्यावे लागतात. आणि ज्याने नुसता गळा दिला, रचनेवर ज्याचं नाव नाही आणि करारात रॉयल्टी नाही, त्याला दोन्हीकडून काही येत नाही.

टूट्सचं नशीब इथे थोडं बरं होतं, कारण आपली गाणी तो स्वतः लिहायचा आणि लेस्ली काँगकडच्या गाण्यांवर रचनाकार म्हणून त्याचं नाव लागलं होतं. त्याचं महत्त्व इंग्लंडमध्ये कळलं. तिथे कॅरिबियनमधून गेलेली मोठी वस्ती होती आणि तिच्या शेजारी वाढलेली गोरी कामगार पोरंही जमैकन रेकॉर्डी विकत घेत होती. १९६८ मध्ये सुरू झालेल्या ट्रोजन कंपनीचा धंदा त्यांच्यावरच चालायचा. 'मंकी मॅन' १९७० मध्ये ब्रिटनच्या यादीत सत्तेचाळिसाव्या क्रमांकापर्यंत गेलं, तेवढंच. पण ती पोरं मोठी झाली. १९७९ मध्ये 'क्लॅश' या ब्रिटिश मंडळाने 'प्रेशर ड्रॉप' केलं आणि 'स्पेशल्स' या दुसऱ्या ब्रिटिश मंडळाने आपल्या पहिल्याच अल्बमवर 'मंकी मॅन' घेतलं. वीस डॉलरच्या व्यवहारात गायकाला जे कधी मिळालं नसतं, ते मिळायची वाट रेकॉर्डवर कंसात छापलेल्या 'हिबर्ट' या एका आडनावाने उघडली.

हा सापळा ओळखून काही गायकांनी स्वतःची लेबलं काढली. ग्रेगरी आयझॅक्सने एरल डंकलीबरोबर १९७३ मध्ये 'आफ्रिकन म्युझियम' सुरू केलं, बॉब मार्लीच्या 'वेलर्स' मंडळाने 'टफ गाँग' काढलं. छापखान्याचे पैसे, वाटप, उधारी वसूल करणं हे सगळं मग गायकाच्याच गळ्यात पडायचं, आणि प्रत्येकाला ते जमायचं नाही.

लंडनची वाट आणि रंगमंच

लेस्ली काँगनंतर मेटाल्स बायरन लीच्या 'डायनॅमिक साउंड्स'मध्ये परतले. सत्तरच्या दशकात लंडनच्या आयलंड रेकॉर्ड्सचा ख्रिस ब्लॅकवेल त्यांची गाणी जगापुढे नेऊ लागला. तोपर्यंत रेगेचा सगळा हिशोब एकेका गाण्याच्या छोट्या रेकॉर्डवर चालायचा. ब्लॅकवेलने रेगे रॉकच्या श्रोत्यांना अल्बमच्या रूपात विकायला काढलं. याच काळात मंडळाचं नाव 'टूट्स अँड द मेटाल्स' झालं आणि 'फंकी किंग्स्टन'मुळे अमेरिकेतल्या जाणकारांचं लक्ष गेलं. १९७५ च्या सुमाराला 'द हू' या प्रचंड गाजलेल्या रॉक मंडळाच्या अमेरिकन दौऱ्यात त्यांना आधी गायची संधी मिळाली. पण समोर बसलेल्या प्रेक्षकांना या संगीताची काही ओळखच नव्हती, आणि तो दौरा त्यांना म्हणावा तसा लाभला नाही.

तरी या काळात एक पायाभूत गोष्ट घडली. टूट्सला स्वतःचा वाद्यवृंद मिळाला. जॅकी जॅक्सन बेसवर, पॉल डग्लस ड्रमवर, हक्स ब्राउन गिटारवर. स्टुडिओत रोजंदारीवर वाजवणारी ही किंग्स्टनमधली उत्तमातली उत्तम मंडळी होती. जॅक्सन आणि डग्लस तर अखेरपर्यंत त्याच्याबरोबर राहिले. रोज नवा वादक घेऊन दौरा होत नाही. गायकाचा डोळा कुठे वळला की थांबायचं आणि खांदा उडाला की उचलायचं, हे वर्षानुवर्षांच्या सहवासातून येतं.

ते कसं दिसायचं ते सांगतो. '५४-४६' मंचावर सुरू झालं की मध्येच टूट्स सगळ्यांना थांबवायचा आणि ओरडून एक फटका मागायचा. ड्रम, बेस, गिटार मिळून एकच धाड. मग दोन मागायचा, दोन पडायच्या. मग तीन, चार. तो कुठे थांबेल, आकडा कधी उलटा फिरवेल, हे फक्त त्यालाच ठाऊक असायचं, आणि तरी एकही फटका चुकायचा नाही. मूळ रेकॉर्डवर हा खेळ काही क्षणांत आटोपतो. मंचावर तो वाटेल तितका लांबवायचा, लोक घामाघूम व्हायचे आणि तो अजून मागायचा. टेपवरच्या गाण्याचा मालक कुणीही असो, या घडीला त्या गाण्यावर सत्ता फक्त त्याची असायची. त्याचा उदरनिर्वाह मुख्यतः इथून चालला, आणि माझ्या लेखी त्याची खरी कारकीर्दही हीच.

२९ सप्टेंबर १९८० ला लंडनच्या हॅमरस्मिथ पॅलेमध्ये झालेला कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून, रेकॉर्ड छापून, चोवीस तासांच्या आत दुकानांत ठेवला गेला. आज मोबाइलवर सगळं क्षणात जातं, पण तेव्हा टेप, साचा, छपाई, वेष्टण, वाहतूक असा सगळा कारखाना त्यामागे होता. रात्री गर्दीत उभ्या असलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी आपलाच आरडाओरडा विकत घेतला असेल.

त्यानंतर वर्षभरातच रॅले आणि जेरी वेगळे झाले, आणि जमैकातली हवाही बदलली. १९८५ मध्ये कॅसिओच्या एका लहानशा कीबोर्डमधल्या तयार ठेक्यावर 'स्लेंग टेंग' हा रिडिम झाला आणि त्याने किंग्स्टनचा धंदाच उलटापालटा केला. वादकांची गरज उरली नाही. डान्सहॉल नावाचं नवं संगीत आलं, तरुण डीजे आले, आणि पूर्ण वाद्यवृंद घेऊन गाणारे जुने गायक आपल्याच गावात परके झाले. अनेकांनी तेव्हा 'डबप्लेट'चा आधार घेतला. एखाद्या साउंड सिस्टीमवाल्याने पैसे द्यायचे आणि गायकाने आपलं जुनं गाणं त्या साउंड सिस्टीमचं नाव गुंफून फक्त त्याच्यासाठी पुन्हा गायचं. ती रेकॉर्ड बाजारात जात नाही, पण गायकाला पैसे रोख मिळतात. आजही ज्येष्ठ जमैकन गायकांच्या कमाईत याचा वाटा असतो.

टूट्स मात्र दौरे करत राहिला. अमेरिका, युरोप, लहान क्लब, मोठे महोत्सव, जिथे बोलावतील तिथे. १९८८ मध्ये मेम्फिसला जाऊन त्याने जुनी अमेरिकन सोल गाणी आपल्या पद्धतीने गायली. रेकॉर्ड फार खपली नाही, पण लहानपणी रेडिओवर ऐकलेल्यांचं देणं त्याने तिथे फेडलं. २००४ चा 'ट्रू लव्ह' हा त्याच्या आयुष्यातला शहाणपणाचा निर्णय. विली नेल्सन, एरिक क्लॅप्टन, कीथ रिचर्ड्स, बॉनी रेट यांना बरोबर घेऊन त्याने आपलीच जुनी गाणी पुन्हा गायली. वर सांगितलेल्या दोन मालमत्ता आठवा. गाणं नव्याने गायलं की नवं ध्वनिमुद्रण तयार होतं, आणि जुन्या टेपच्या मालकाचा त्यावर हक्क राहत नाही. पुढच्या वर्षी या अल्बमला सर्वोत्कृष्ट रेगे अल्बमचं ग्रॅमी मिळालं, तेव्हा टूट्स बासष्ट वर्षांचा होता.

मग २०१३ चा मे महिना. अमेरिकेतल्या रिचमंड शहरात कार्यक्रम चालू असताना गर्दीतून एका तरुणाने व्होडकाची बाटली फेकली आणि ती टूट्सच्या डोक्याला लागली. जखम भरली, पण डोकेदुखी, विसर पडणं आणि गर्दीची भीती मागे राहिली. ज्याची कमाईच मंचावर, त्याचा मंच जवळपास तीन वर्षं सुटला. तरीही त्याने न्यायाधीशांना पत्र लिहून त्या एकोणीस वर्षांच्या मुलावर दया दाखवायची विनंती केली. तुरुंग म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. मुलाला सहा महिन्यांची शिक्षा झाली. २०१६ मध्ये टूट्स पुन्हा उभा राहिला.

२०२० मध्ये सत्त्याहत्तर वर्षांचा हा माणूस जमैकाच्या त्याच राष्ट्रीय गीतस्पर्धेत स्पर्धक म्हणून उतरला, जी त्याने चोपन्न वर्षांपूर्वी पहिल्यांदा जिंकली होती. या वेळी बूजू बँटन हा गायक जिंकला. ऑगस्टअखेरीस 'गॉट टू बी टफ' हा नवा अल्बम आला आणि ११ सप्टेंबरला, कोविडच्या साथीत, टूट्स किंग्स्टनच्या इस्पितळात मरण पावला. २०२१ च्या मार्चमध्ये त्या अल्बमला ग्रॅमी जाहीर झालं.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर लेस्ली काँगच्या काळातलं 'प्रेशर ड्रॉप' आधी लावा, शक्यतो हेडफोनवर, आणि पहिल्यांदा फक्त बेसकडे लक्ष द्या. दुसऱ्यांदा मागच्या दोघांच्या आवाजाकडे. तिसऱ्यांदा टूट्सकडे: शब्द संपल्यावर तो जे गुणगुणतो, हुंकारतो, ते ऐका. मग १९८० चा हॅमरस्मिथचा कार्यक्रम पूर्ण ऐका, मधली गाणी न गाळता. आणि सिस्टर नॅन्सीचं 'बॅम बॅम' आवडलं, तर त्याच्यामागे १९६६ चं मूळ गाणंही लगेच लावा. पैसे देऊन ऐकता येत असेल तर तसंच ऐका. थोडेबहुत त्या आडनावापर्यंत पोचतात.